दीनानाथरावांचं 'नाही'

कसबा पेठेत नळाचे सुटे भाग विकणारे दीनानाथ परचुरे मुलखाचे तुटक. "वॉशर आहे का?" विचारलं, की "मग काय पेढे आहेत?" म्हणत नेमका वॉशर समोर टाकायचे. मी त्यांची नक्कल करून गल्ली हसवायचो.

यंदा श्रावणात ते सगळ्यालाच "नाही" म्हणू लागले. वॉशर मात्र बिनचूक काढून देत. मी म्हटलं, "दीनानाथरावांनी आता काटकसर मनावर घेतलीय." सगळे हसले.

घरीही बोलणं बेताचंच. एका सकाळी वासंतीवहिनींनी विचारलं, "अहो, चहा देऊ ना?" "नाही," म्हणत त्यांनी कप ओढून घेतला. वहिनी थबकल्या. "माझं नाव सांगा बघू."

त्यांनी वहिनींकडे बोट केलं. "नाही."

मी दोघांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी अडकली होती. विचार शाबूत आहे, पण शब्द गेलेत. लगेच आणलं असतं तर बरेचसे वाचले असते. "कधीपासून असं बोलतायत?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी गल्लीत चौघांना फोन केले. दिवस कुणालाच सांगता येईना.