अक्कांनी माझी वरची पायरी का मोजली?

मैसूरकर मंडळी, आज माझी चांगलीच जिरली.

दसऱ्याला इथे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. आमच्या हिनकलच्या सोसायटीत त्याची स्पर्धाही असते. यंदा मी पहिल्यांदाच भाग घेतेय. माझा विषय गुपित होता: सांगलीचा आठवडी बाजार! पायऱ्यापायऱ्यांचा पुठ्ठ्याचा नमुना करून टेबलावर ठेवलाय.

तेव्हापासून शेजारच्या पुष्पाअक्कांच्या फेऱ्या वाढल्या. पिढ्यानपिढ्या इथलंच मराठी घर, आणि पहिलं बक्षीस दरवर्षी त्यांनाच. का आलात विचारलं की म्हणायच्या, "सुम्ने आले गं, उगीच."

आज सकाळी तर त्यांनी वरची पायरी वितीने मोजली! माझं डोकंच फिरलं. त्या जाताच मी नमुन्यावर चादर टाकली. नवऱ्याला म्हटलं, "बघ, आपला बाजार यांच्या घरी भरणार."

संध्याकाळी अक्का पुन्हा दारात. हातात रेशमी फडक्यात गुंडाळलेले लाकडी राजा-राणी.

"तुझ्या बाजारात सगळे आहेत, हे दोघंच नाहीत. यांच्याशिवाय इथं मांडत नाहीत गं. लग्नात आई देते. तुझ्या आईला कसं ठाऊक असणार? ही माझ्या सासूबाईंची जोडी. वर मावते का, तेच बघत होते."

अक्कांचं लक्ष टेबलाकडे गेलं. "झाकलंस का?"

"धूळ बसते," मी म्हणाले.

"हौदु, खरंय," म्हणत त्यांनी चादरीची उघडी राहिलेली कड नीट खोचली.

सांगा, आता ती चादर मी कुठल्या तोंडाने काढू?