घरी गेलेली मशिनं

टी. नगरात एका साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राघोत्तमांचं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे. तंजावरकडच्या मराठी घरातला हा माणूस चेन्नईतच वाढला. भांडतो तमिळमध्ये, देवाला हाक मारतो मराठीत. स्वभाव भिडस्त. धंदेवाल्यानं भिडस्त असू नये म्हणतात, पण दुकान अडचणीत आलं, त्यात दोष काही त्यांच्या भिडेचा नव्हता. पगार वाढले, पीएफ भरा, ईएसआय भरा, वर भाडं आणि वीज. शिलाईचा दर मात्र गिऱ्हाईक वाढवू देईना. शेवटी हिशेबनीसानं सल्ला दिला, की माणसं ठेवू नका, काम बाहेर द्या आणि नगावर पैसे मोजा.

राघोत्तमांनी जड मनानं ते ऐकलं. सहा बायकांना पगारावरून कमी केलं आणि दुकानातलं आपापलं मशीन घरी न्यायला सांगितलं. त्यांत कनका आक्का सगळ्यांत जुन्या. राहायला वेलचेरीला. हात असा, की नवरीचा ब्लाउज लोक दुसऱ्या कुणाला शिवू देत नसत. त्यांनाही मशीन घरी न्यायला लावलं, हेच राघोत्तमांना खात होतं. त्यात कानावर आलं, की एका बड्या दुकानानं त्यांना पगारावर बोलावलंय. आक्का गेल्या तर इथं कुलूप लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. विचारायचा धीर मात्र होईना.

अशात आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली. त्या दिवशी रिक्षापासून कातरीपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं, रस्तोरस्ती कोहळे फुटतात. दुकानातल्या मशिनांना गंध लावायचा मान दरवर्षी आक्कांचा. यंदा मशीनच नाही तर पूजा कसली, असं म्हणून राघोत्तमांनी बायकांना निरोपच धाडला नाही. पाटावर एक कातर आणि टेप मांडून ते एकटेच बसले.

खाली शेअर ऑटो थांबली. आक्का उतरल्या, आणि त्यांच्या कवेत जुन्या साडीत गुंडाळलेलं मशीन होतं. राघोत्तमांनी वरच्या खिडकीतून पाहिलं. मशीन परत करायला आल्या, म्हणजे संपलंच सगळं.

पण आक्कांच्या मागून मीनाक्षी उतरली, देविका उतरली. मागच्या ऑटोतून बाकीच्या उतरल्या. प्रत्येकीनं स्टँडवरून सोडवलेलं मशीन तान्ह्या पोरासारखं कडेवर घेतलेलं. एवढं लोखंड घेऊन सहा बायका सणाच्या त्या गर्दीतून वाट काढत जिना चढल्या आणि धापा टाकत एकेक मशीन ओळीनं मांडू लागल्या. राघोत्तम आ वासून बघत राहिले. जन्मात त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं.

घाम पुसून आक्कांनी चंदनाची वाटी मागितली. राघोत्तम चाचरत म्हणाले, की मला वाटलं, तुम्ही मशीन परत करायला आलात.

“पगार बंद केलात, ते कळलं अण्णा,” आक्का म्हणाल्या. “पूजा बंद करा म्हणून कोण सांगितलं? काम इथून येतं, मग पूजा पण इथंच की.”

गंध लागलं, फुलं वाहिली, चुरमुरे-डाळं वाटलं गेलं. तेव्हा कुठे राघोत्तमांनी बड्या दुकानाचं विचारलं. आक्का पदरानं बोटांचं चंदन पुसत होत्या.

“अजून नाही म्हटलं नाही. अण्णा यंदा बोनस देतात का बघून सांगते म्हटलं.”

राघोत्तमांनी सहाही मशिनांपुढे डोकं टेकलं आणि उठायच्या आधीच बोनस कबूल केला.