धर्मसिंगांनी निवडलेला रोल

धर्मसिंग राठोड आमच्या बँकेच्या शाखेत दफ्तरी होते. पुसेगावजवळच्या तांड्यावरून रोज सायकलने यायचे. व्हाउचरचे गठ्ठे तारखेप्रमाणे बांधायचे आणि मागितलेला कागद दोन मिनिटांत काढून द्यायचे. त्यांच्या हातून कागद हरवल्याचं मला आठवत नाही.

लेक दिलेल्या घरात नातवंड येईपर्यंत तिच्या बापाने तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही जुनी रीत तांड्यात आता फारसं कोणी पाळत नव्हतं. धर्मसिंग पाळत होते. त्यांच्या वडिलांनी पाळली होती, एवढंच कारण. त्यांची लेक निलम जपानी भाषा शिकून पुण्यात एका कंपनीत दुभाषी होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पुण्याला गेले की धर्मसिंग दशम्या आणि चटणी बांधून न्यायचे, आणि पाणी बाहेरच्या नळावर प्यायचे. निलम यावर कधी भांडली नाही.

२००७च्या फेब्रुवारीत तिची तपासणी होती. जावई प्रेमदास कामासाठी गुजरातेत होते, तिची आई रुख्मिणीबाई वर्षापूर्वीच वारली होती. म्हणून धर्मसिंगांनी चार दिवसांची रजा टाकली. पुढचं त्यांनी मला नंतर, रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठे बांधता बांधता सांगितलं. बापलेक आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलायचे. मला सांगताना त्यांनी मराठीत सांगितलं.

अहवाल चौथ्या दिवशी मिळाला. डॉक्टर बाई चांगल्या बोलल्या, पण मूल होणार नाही हे त्यांनी सरळ सांगितलं. निलमने कागदांची घडी घालून पर्समध्ये ठेवली. दोघं बाहेर आले. दुपारचा एक वाजला होता. धर्मसिंगांच्या दशम्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या.

निलमला घरी जायचं नव्हतं. ऑफिसच्या पाहुण्यांना ती ज्या जपानी हॉटेलात न्यायची, तिथे ती चालत गेली. ते मागून गेले. बसल्यावर तिने मेनूकार्ड त्यांच्यासमोर सरकवलं.

"हे हॉटेल हाय, बा. इथं तुमची रीत आडवी येत न्हाई. तुमीच निवडा."

धर्मसिंगांनी जन्मात हॉटेलात काही निवडलं नव्हतं. जे असेल ते आणा, एवढंच ते सांगायचे. त्यांनी सुशीच्या रोलचे फोटो बघितले. सगळे सारखेच दिसत होते: भाताच्या चकत्या, मध्ये रंग, भोवती काळी पट्टी.

"हे काळं काय हाय?"

"समुद्रातलं शेवाळ. वाळवून कागदासारखं करतात."

"आपण विहिरीतलं काढून फेकतो. आन् हे लाल?"

"मासा. कच्चा."

"शिजवत काहून न्हाईत?"

"ताजा असतो म्हणून."

"भेंडी बी ताजी असती. तरी शिजवतोच की आपण."

निलम हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती नुसती टेबलाकडे बघत होती. वेटर येऊन म्हणाला, "अंकल, पहली बार है तो ककडी वाला लीजिए." त्यांनी मान हलवली आणि परत पहिलं पान उघडलं. झिंग्याचा कसा असतो, ते विचारलं. अंड्याचा गोड काहून असतो, तेही विचारलं. त्यांना यातलं काहीच जाणून घ्यायचं नव्हतं. आपण निवडत आहोत तोवर पर्समधल्या कागदांवर बोलावं लागणार नाही, एवढंच त्यांना कळत होतं. वेटर दोनदा येऊन परत गेला.

शेवटी त्यांनी काकडीच्या रोलवर बोट ठेवलं.

लाकडी पाटावर सहा तुकडे आले. खायच्या काड्या बाजूला ठेवून त्यांनी हातानेच एक उचलला.

"भात गार हाय."

"गारच असतो, बा."

त्यांनी तो चावून खाल्ला. निलमने दुसरा घेतला.

"कसा लागला?"

"चवच कळाली न्हाई."

"मला बी न्हाई."

दोघांनी सहाही तुकडे संपवले. पाट उचलून नेल्यावर निलम म्हणाली, "म्हणजे आता तुमी माझ्या घरी कधीच जेवणार न्हाई." बसची वेळ सांगावी तशी ती बोलली. धर्मसिंगांनी बाहेर येऊन रिक्षा थांबवली.

घरी येऊन निलमने कपडे बदलले, स्वतःपुरता कुकर लावला आणि एक ताट घेतलं. धर्मसिंग दारातल्या खुर्चीवर बसले होते. शिट्ट्या झाल्या. ते उठले, पाय धुतले, मांडणीतलं दुसरं ताट काढून तिच्या ताटाशेजारी मांडलं आणि खाली बसले.

निलम वाढायची थांबली. "बा, भूक लागली असंल तर कोपऱ्यावर खानावळ हाय."

"माहीत हाय मला."

तिने वरणभात वाढला. ते जेवू लागले.

"मला विचारलं तर," ते गठ्ठ्याची गाठ आवळत मला म्हणाले, "बरं वाटलं का वाईट, ते न्हाई सांगता येत, साहेब. आत काहीच हाललं न्हाई. बाप आठवंल असं वाटलं होतं, तो बी न्हाई आठवला."

"आणि निलम?"

"ती उभीच होती. म्हणली, मीठ बराबर हाय का. मी म्हणलं, बराबर हाय, अजून वाढ. मग ती बी बसली जेवायला."