संपलेली बाटली परत भरून आली

‘फक्त सैन्यदलासाठी’ असा शिक्का बाटलीवर दिसला, की आत नेमकं काय आहे हे तुम्ही कधी विचारता का? मीही विचारलं नव्हतं. म्हणूनच ती घटना आठवली की आजही आधी घाम फुटतो आणि मग हायसं वाटतं.

नव्वदच्या दशकात मी शहराच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. मांजरी गावच्या उसात नव्या सोसायट्यांच्या पाट्या लागत होत्या. एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार आले. पिशवीतून रमची सीलबंद बाटली काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

“साहेब, ही बाटली मी गेल्या महिन्यात संपवलीय. आज परत भरून आली.”

“हवालदारसाहेब, आज सकाळीच सुरुवात?”

“चेष्टा नको. ही खूण बघा.”

लेबलच्या कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. सैन्याच्या कॅन्टीनची बाटली पुरवून प्यायची म्हणून ते रोज रमची पातळी आखत. रिकामी झाल्यावर ती भंगारवाल्याला दिली होती. शेजारचा जवान सुट्टीवर आला होता. त्याच्याकडे दुपारच्या जेवणासाठी बाहेरून स्वस्तात आणलेल्या रमच्या खोक्यात तीच निघाली. जवान म्हणाला होता, “काका, शिक्का बघा की. आपलाच माल हाय.”

मला वाटलं, करचुकवेगिरी असेल, हलकी दारू भरून विकत असतील. पंचनामा करू, नमुना तपासणीला पाठवू, अहवाल येईल तेव्हा येईल. शिपाई जाऊन भंगारवाल्याला घेऊन आला.

“बाटल्या म्हंजे काच, साहेब. वितळायला जातात.”

“वितळायच्या काचेचं लेबल फाटू नये म्हणून गोणपाटात गुंडाळतोस?” शिपायाने दुकानात ते पाहिलं होतं.

मी पंचनाम्याचा कागद ओढून त्याचं नाव लिहायला घेतलं. 

“लेबल फाटलं तर तो घेत नाय.”

“कोण?”

“फर्निचरला पॉलिश करणारा. रम तोच बनवतो.”

“कशाची?”

“त्याच्याकडं दुसरं काय असणार? पॉलिशचं स्पिरिट.”

मी टोपी उचलली. ते स्पिरिट डोळे घेतं, जीवही घेतं. हवालदारांना जीपमध्ये घालून मांजरी गाठली, तेव्हा जवानाच्या अंगणात पाहुणे बसले होते. ग्लास भरलेले होते.

“कोणी प्यायलंय?” मी ओरडलोच.

जवान उठून उभा राहिला. “नाही साहेब. काका आल्याबिगर ग्लास कसा उचलायचा?”

हवालदारांनी त्याच्यापुढचा ग्लास उचलून मातीत ओतला. “गाढवा,” म्हणाले, आणि त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

पॉलिशवाला त्याच दिवशी ताब्यात आला. अहवालही काही दिवसांनी आला: मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल. त्या अहवालाची वाट पाहत मी बसलो असतो, तर त्या अंगणात काय उरलं असतं?

जवानाला मिळणारी रम चोख असावी म्हणून ती तपासली जाते. पण ती तपासणी आतल्या रमची असते. रम संपते, शिक्का उरतो, आणि त्या शिक्क्यावर विष विकणारे हरामखोर टपून असतात. त्यांना कच्चा माल आपल्याच घरातून जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून एक करा. घरात दारूची, औषधाची, तेलाची जी रिकामी बाटली असेल, ती भंगारात देण्याआधी लेबल खरवडून काढा आणि बूच ठेचा. आजच.