कँटरबरीच्या दारात बाबांचे जोडे

इंदूर सोडलं त्या सकाळी बाबांनी माझी बॅग तीनदा उघडून पुन्हा भरली. शेवेची पाकिटं मावेनात, म्हणून माझं इतिहासाचं जाड पुस्तक बाहेर काढलं. "पुस्तकं तिकडे बी मिळतील बेटा, अशी शेव नाही मिळणार." टॅक्सीचं दार लावताना म्हणाले, "फोनवर जोरात बोलत जा." हे मला सांगायची गरजच नव्हती. इंदूरच्या पलासिया भागातल्या कोचिंग क्लासमध्ये मी इतिहास शिकवायचे, तेव्हा माझ्या आवाजापुढे खालचं ट्रॅफिकही हार मानायचं.

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तो आवाज इथे कधी गेला ते मला कळलंच नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कँटरबरीत आलो. भल्यामोठ्या कॅथिड्रलचं, जुन्या तटबंदीचं हे गाव. बसमध्ये हळू, दुकानात हळू, शेजाऱ्यांशी त्याहून हळू, असं करता करता मी कुजबुजायलाच लागले. इतिहासाशिवाय दुसरं काही येत नव्हतं, म्हणून टूर गाइडच्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. परीक्षक बाईंचा शेरा होता: माहिती बिनचूक, पण सांगणारी कुठे दिसलीच नाही. फार लागलं मला ते, कारण खरं होतं.

दुसरी संधी शेवटचीच होती: खऱ्या पाहुण्यांना गाव फिरवून दाखवायचं. त्याच आठवड्यात बाबा आमच्याकडे आलेले. बँकेतून रिटायर झालेला हा माणूस, घरी थांबा म्हटलं तर थांबतो कसला! टूरला आलेल्या दहा-बारा पाहुण्यांच्या मागे, मफलर गुंडाळून, गुपचूप चालत राहिला. परीक्षक बाई फाइल घेऊन बाजूला. मी पाठ केलेलं घडाघडा म्हणत होते आणि लोक मोबाइल बघत होते. माझं मलाच कळलं, हेही गेलं हातातून.

कॅथिड्रलच्या दाराशी पोहोचलो तर बाबा खाली वाकून नाड्या सोडत होते. जोडे काढले, मोजे काढून त्यांत खुपसले आणि जोडी भिंतीशी नीट लावून ठेवली. बाहेर कडाक्याची थंडी. सगळे बघायला लागले. लाजेनं माझे कान तापले.

"बाबा, प्लीज, जोडे घाला ना. इथे कोणी काढत नाही."

"मंदिरच आहे ना हे बी? देवाच्या दारात जूते घालून माझ्याच्यानं नाही जाणार बेटा. तुझं चालू दे."

बाई काहीतरी लिहीत होत्या. मला बाबांचा राग आला, मग स्वतःचा आला. आणि एकदम आठवलं, अरे, हे तर इथे आधी घडून गेलंय!

"हे माझे वडील," मी सगळ्यांना सांगितलं. "इंदूरहून आलेत. तुम्हाला वाटेल, हे काय भलतंच. पण साडेआठशे वर्षांपूर्वी एक राजा याच गावातून असाच अनवाणी चालत इथे प्रायश्चित्त घ्यायला आला होता. तो रागाच्या भरात काहीतरी बोलून गेला आणि त्याच्या सरदारांनी आत, त्या दगडांवर, इथल्या मुख्य धर्मगुरूला, आर्चबिशपला ठार केलं. आमच्या गावाच्या रस्त्यावर राजाचे पाय सोलून निघाले, पण तो थांबला नाही."

आवाज कमानीपर्यंत गेला. माझाच होता, पलासियाचा. मोबाइल खिशात गेले. एका आजींनी वाकून फरशीला हात लावून बघितला. पुढचा तासभर मी कागदाकडे पाहिलंच नाही, लोक प्रश्न विचारत राहिले आणि मी सांगत सुटले. शेवटी परीक्षक बाईंनी स्वतः माझ्या कोटाला बॅज लावला.

घरी येताना बाबा म्हणाले, "मघाशी तू 'आमच्या गावाच्या रस्त्यावर' म्हणालीस. या कँटरबरीला."

मी चपापले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते तोंडून निघालं होतं, आणि तेही त्यांच्यासमोर.

"मग बोल ना, बिनधास्त बोल," ते म्हणाले. "इंदूर काय रुसून बसणार आहे?"

त्या दिवसापासून माझी दोन गावं आहेत, आणि दोन्हींना मी भर रस्त्यात, मोठ्यानं, 'आमचं' म्हणते.