चहाचे डाग

लाँड्रीआजी म्हणजे एक नंबरची फटकळ बाई. पंचेचाळीस वर्षं तिने एका लाँड्रीत डाग काढले. कपड्यावर नुसती नजर टाकून सांगायची, हा गंज, ही शाई, हे रक्त. तिच्या टेबलावर लुडबुड करायची मालकाचीही टाप नव्हती. आणि नेमके तिचेच दोन्ही डोळे सत्त्याऐंशीव्या वर्षी मोतीबिंदूने घेतले. आता काय म्हणावं या नशिबाला!

ऑपरेशन ती तीन वर्षं टाळत होती. मुलगी सांगून सांगून थकली. "मी दवाखान्यात पडले तर यांचं कोण करणार?" हे एकच पालुपद. 'हे' म्हणजे नवरा, एक्क्याण्णव वर्षांचे निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोकांचे जिने चढले, आता पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. खोकला तर सदाचाच. वयच झालं, चालायचं, असं दोघंही म्हणत.

सहा महिन्यांपासून मात्र त्यांच्या रुमालावर रोज चहा सांडायला लागला. आजी रुमाल नाकाला लावायची. चहाच. मग तोंडाचा पट्टा सुरू. "अहो, तोंड कुठे आहे ते तरी माहीत आहे का? लहान पोरासारखे सांडता!"

"सांडला बाई. तू आहेस ना धुवायला," ते म्हणायचे.

चहाच्या डागाला कढत पाणी लागतं. ती चाचपडत पातेलं उतरवायची, रुमालावर ओतायची, चोळायची, वाळवून कपाटात रचायची. हाताला सवय होती, डोळ्यांवाचून अडत नव्हतं.

ऑपरेशनचा हट्ट शेवटी पोस्टमननीच धरला. "डोळे करून घेतेस की नाही? नाहीतर मी जेवणार नाही." दोन दिवस खरंच जेवले नाहीत. आजी चरफडत तयार झाली. मुलगी त्यांच्याजवळ राहायला आली.

ऑपरेशनच्या टेबलावर तिच्या तोंडावर कापड टाकलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, हलू नका हं." आजी म्हणाली, "हलायला अंगात उरलंय काय?" अर्ध्या तासात उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा समोर नर्स उभी होती. आजीने तिची कॉलर पाहिली आणि म्हणाली, "इस्त्री धड नाही." सगळे हसले. वाकायचं नाही, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, असं बजावून घरी सोडलं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं. अंगाची हाडं रोज हाताला लागत होती, पण चेहरा एवढा ओढलेला असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"दिसतोय का?" त्यांनी विचारलं.

"दिसताय. हनुवटीला भात लागलाय." असं म्हणून ती रुमाल घ्यायला कपाटाशी गेली.

सगळ्या रुमालांवर डाग होते. तपकिरी, कडेला गडद. वरच्या रुमालांवरचे मोठे, खालच्यांवरचे लहान. चहाचा डाग कढत पाण्यानंतर असा उरत नाही. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"हा चहा?" तिने रुमाल त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी रुमाल तिच्याकडून घेऊन मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "खोकल्यातून रक्त पडायचं. तुला वास येऊ नये म्हणून रुमाल उरलेल्या चहात बुडवायचो."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर डोळा केला असतास? मी गेल्यावर आंधळी राहिली असतीस." ते धापा टाकत होते. "मला वाटलं, धुतल्यावर जात असेल सगळं."

पत्रं वाटणाऱ्या माणसाला काय ठाऊक, रक्तावर कढत पाणी पडलं की डाग पक्का बसतो. गार पाण्यात सहज गेला असता. आणि ती, डागांतली एवढी जाणती, सहा महिने त्यांना सांडता म्हणून घालूनपाडून बोलली. आजी तिथेच बसली आणि मोठ्याने रडली. डोळ्याला त्रास होईल म्हणून मुलगी ओरडत राहिली, पण ती थांबली नाही.

संध्याकाळी डॉक्टर येऊन तपासून गेले. सहा महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं, एवढंच त्यांनी जाताना मुलीला सांगितलं. आजीचे कान तिखट होते.

सकाळी ते पुन्हा खोकले. या वेळी त्यांनी रुमाल लपवला नाही. तिने तो हातातून घेतला आणि मोरीत बादली भरली.

"आई, वाकू नकोस! दे मी धुते," मुलगी धावली.

"तू यांच्याजवळ बस," आजी म्हणाली. तिने रुमाल गार पाण्यात घातला, मीठ लावून चोळला, उजेडात धरून पाहिला. डाग निघाला होता.