धनू राशीतला डाग

निलंग्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, लग्नं. आकाशाचे फोटो काढायचा नाद मात्र मला थोरल्या भावानं लावला. अण्णा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, मुदखेड जंक्शनवर रेल्वेत नोकरीला होते. रात्रपाळीला दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते वर बघत बसायचे. तीस वर्षांत आकाश त्यांना पाठ झालं. रिटायर होऊन निलंग्याला आले तेव्हा मला म्हणाले, "तुझ्याकडं कॅमेरा हाय, माझ्याकडं डोळे हायत. आपण नवा तारा हुडकू."

नवा तारा म्हणजे नोवा. तो खरं तर नवा नसतो. एखादा विझत आलेला तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेत राहतो आणि एके दिवशी त्याचा भडका उडतो. काल जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं ठिपका उगवतो, काही आठवडे राहतो, मग मावळतो. जगभरचे हौशी लोक त्याच्या मागावर असतात. जो आधी कळवील, त्याच्या नावावर शोध लागतो.

आम्ही पहाटे चारला मोटारसायकलवरून देवणी रस्त्यावरच्या आमच्या शेतात जायचो. लग्नाचाच कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, आठ-आठ सेकंदांचे फोटो घ्यायचे. मी ते कॉम्प्युटरवर मागच्या महिन्याच्या फोटोंशी ताडून बघायचो. अण्णांना त्याची गरज नसायची. ते स्क्रीनवर नुसतं बोट फिरवत जायचे आणि मध्येच थांबायचे. "हे न्हवतं इथं." चार वर्षांत त्यांचं बोट पाच-सहा वेळा थांबलं. कधी ते विमान निघालं, कधी लघुग्रह, तर कधी कॅमेऱ्यातल्याच दोषानं पडलेला ठिपका. अण्णा हसायचे आणि चहा टाकायला सांगायचे.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी अण्णांना लकवा मारला. लातूरला दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय. शब्द तेवढे तोंडात येत नाहीत." एकच शब्द उरला होता, पाणी. उशी हवी असली तरी पाणी, वहिनींना हाक मारायची तरी पाणी. पहिले दोन दिवस आम्ही नुसतं पाणीच पाजत राहिलो.

पाचव्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शेतात जाऊन फोटो काढून आणा. त्यांना दाखवा. तेवढंच मन रमंल."

मी दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच गेलो. अकरा फोटो घेतले, त्यातला एक मोबाइलमध्ये उतरवून घेतला आणि सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं. अण्णा उशीला टेकून बसले होते. मोबाइल त्यांच्यापुढं धरला. किटलीच्या आकाराची धनू रास बघून त्यांचा चेहरा जरा उजळला. डाव्या हाताचं बोट हळूहळू तोटीवरून खाली आलं, पुढं सरकलं आणि थांबलं.

"पाणी," अण्णा म्हणाले.

मी चमच्यानं पाणी दिलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि पुन्हा स्क्रीनवर बोट टेकवलं.

"पाणी. पाणी!"

मी ग्लास पुढं केला तर त्यांनी डाव्या हातानं तो उडवला. गादी भिजली. सिस्टर धावत आल्या. "काय झालं? बीपी वाढंल ओ त्यांचं."

"काही न्हाई, सिस्टर. फोटो बघायलेत."

अण्णा बोट टेकवतच होते. मी फोटो मोठा करून बघितला. त्या जागी बारका, फिकट ठिपका होता. बाकीचे दहा फोटो घरी कार्डात होते. ते बघितल्याशिवाय बोलायला नको होतं. पण मी तीन तासच झोपलो होतो, आणि माणूस शांत व्हावा एवढंच मला पाहिजे होतं.

"हा डाग व्हय? हाव, अण्णा. कॅमेरा लई जुना झालाय. थांबा, काढतो."

नवरीच्या गालावरची पुटकुळी काढतात तसा मी तो बोटानं पुसला आणि फोटो पुन्हा त्यांच्यापुढं धरला. "घ्या. गेला."

अण्णांनी फोटोकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले, पण या वेळी तो एक शब्दही आला नाही. त्यांनी मान भिंतीकडं वळवली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. वहिनींना वाटलं, फोटो बघून त्यांना शेताची आठवण आली.

दोन दिवसांनी मी स्टुडिओत होतो. एक बाई लेकराचा पासपोर्ट फोटो काढायला आली होती. आकाशाच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर मेसेज आला, धनू राशीत नोवा, जपानमधल्या एकानं कळवलाय. सोबत नकाशा होता. किटलीच्या तोटीखाली, जरा पुढं.

मी कार्ड लावलं. अकराही फोटोंत ठिपका होता. कॅमेऱ्याचा दोष असता तर तो एकाच जागी राहिला असता. हा आजूबाजूच्या ताऱ्यांबरोबर सरकत होता. आमचा फोटो जपानच्या फोटोच्या आदल्या दिवशीचा होता. लेकराचा फोटो मी काढला, पण दोनदा त्याचे डोळे मिटलेले आले. बाई म्हणाली, "दादा, लक्ष कुठं हाय तुमचं?"

मिळेल त्या गाडीनं लातूरला गेलो. अण्णांच्या जवळ बसलो. "अण्णा, तो डाग न्हवता. नोवा होता. तुम्ही आधी बघितला होता. मला कळलं न्हाई."

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, मग उजव्यातूनही. चेहऱ्याची अर्धी बाजू थरथरायला लागली. मी त्यांचा हात धरून ठेवला. नंतर डॉक्टरांना विचारलं, अण्णा आनंदानं रडले की माझ्यावर चिडून? ते म्हणाले, "या आजारात रडू असंच येतं. त्याचा अर्थ लावत बसू नका."

आमचे फोटो मी परदेशातल्या संस्थेला पाठवले. बघणाऱ्याच्या रकान्यात अण्णांचं नाव घातलं. उत्तर आलं, फोटो उपयोगी आहेत, तारा केव्हापासून वाढत होता ते त्यावरून कळतं, आभारी आहोत. शोध ज्यानं आधी कळवला त्याचाच. नियम बरोबर आहे. मी पत्र अण्णांना मराठीत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. तीन-चार आठवड्यांत तारा माझ्या कॅमेऱ्याला दिसेनासा झाला.

आता अण्णा घरी आहेत. काठीनं अंगणापर्यंत चालतात. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना एसटीनं लातूरला नेतो, बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडं. तीसेक शब्द परत आलेत. मॅडम चित्रांची कार्डं दाखवतात. परवा गाय आली, अण्णा म्हणाले, "गाय." केळ आलं, "केळ." मग पाच टोकांचा पिवळा तारा आला.

"हे काय आहे, काका? ता... ता..."

अण्णांनी ताऱ्याच्या पाचही टोकांवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं.

"न्हाई," ते म्हणाले.

मॅडमनी वहीत फुली मारली. अण्णांना शब्द आठवला नव्हता, की तारा असा नसतो असं म्हणायचं होतं, मला कळलं नाही. मॅडमना सांगावं का, तेही कळलं नाही. तेवढ्यात त्यांनी पुढचं कार्ड काढलं. त्यावर छत्री होती.